संक्रांत नेमकी कधी होती?

ऑफिसात तिळगूळ वाटताना कुणीतरी म्हणालं, "पानिपत आजच्याच दिवशी झालं, संक्रांतीला." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. लहानपणापासून तेच ऐकलंय. म्हटलं चला, वीकेंडचा विषय मिळाला: ऐन संक्रांतीला भाऊसाहेब लढाईला का उभे राहिले?

लिहिण्याआधी जरा पार्श्वभूमी बघायला बसलो आणि पहिल्याच पायरीवर घसरलो. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. इथपर्यंत ठीक. पण संक्रांत? पंचांगातलं सौर वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी मोठं. वीस मिनिटं म्हणजे एक चहा, पण ७२ वर्षांत त्यांचा अख्खा दिवस होतो. (एक्सेलला १९०० च्या आधीच्या तारखा झेपत नाहीत, म्हणून चक्क वहीत गणित केलं!) उत्तर आलं, १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास. पडताळ्याला स्वामी विवेकानंद घेतले. जन्म १२ जानेवारी १८६३, आणि तेव्हा मकरसंक्रांत होती. हिशोब जुळला. माझा विषय बोंबलला :)

मग १४ तारीखच का? हा प्रश्न मात्र खरा निघाला. शेजवलकरांचं १९४६ चं 'पानिपत' काढलं. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. नोव्हेंबरपासून लष्कर पानिपतला खंदकाआड. सोबत बुणगे, यात्रेकरू, बायकामुलं. खाणारी तोंडं प्रचंड, धान्य येणार ते बाहेरून. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दुआबातून अब्दालीची रसद तोडायची आशाही संपली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजने पुढे फारसीत लिहून ठेवलंय की शेवटी सरदार भाऊंकडे गेले आणि म्हणाले, दोन दिवस पोटात काही नाही, त्यापेक्षा लढून मरू.

म्हणजे तारीख पंचांगाने नाही, कोठाराने ठरवली. शाळेत आम्हाला विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरले एवढंच पाठ. डाळ-पीठ कोण शिकवतो?

आता राजवाड्यांनी १८९८ मध्ये छापलेला 'साधनां'चा पहिला खंड उघडलाय. भाऊंची गोविंदपंतांना पत्रं आहेत त्यात, पैसे पाठवा, नावा जमवा. धान्याचा उल्लेख दिसला की वहीत टिपतोय, तारखेसकट. लेख पुढच्या शनिवारी, जमलं तर.