फिश टँकमध्ये पाणी आपोआप कसं भरायचं? भरवशाची एटीओ सिस्टिम, स्टेप बाय स्टेप

फिश टँकमधलं पाणी रोज थोडं थोडं वाफ होऊन उडून जातं. घरी असलो की आपण मगभर पाणी ओततो आणि विसरून जातो. पण दिवाळीत सहा दिवस गावी जायचं ठरलं की प्रश्न पडतो, पाणी कोण घालणार? याचं उत्तर म्हणजे ऑटो टॉप-ऑफ, थोडक्यात एटीओ. पाणी ठरलेल्या पातळीच्या खाली गेलं की छोटा पंप बाजूच्या कॅनमधून पाणी खेचून टँकमध्ये टाकतो आणि पातळी आली की बंद होतो.

पंप चालू करणं सोपं आहे. खरी परीक्षा तो वेळेवर बंद होण्याची असते. नाही झाला तर हॉलमध्ये तळं आणि खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल! म्हणून या लेखात जास्त भर 'पंप कधी थांबेल' यावर आहे.

पाणी कमी झालं तर बिघडतं काय?

वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार टँकमध्येच राहतात. समजा १०० लिटरच्या समुद्री टँकमध्ये दर लिटरला ३५ ग्रॅम मीठ आहे. १० लिटर पाणी उडून गेलं की हे प्रमाण जवळपास ३९ ग्रॅमवर जातं. मासे आणि कोरल यांना हा बदल झेपत नाही. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हाच परिणाम सावकाश होतो, पाणी हळूहळू जड होत जातं. शिवाय पातळी खाली गेली की फिल्टर हवा ओढू लागतो आणि काचेचा हीटर उघडा पडला तर तडकू शकतो.

स्मार्ट प्लग आणि टायमर लावून चालेल का?

नाही. मे महिन्यात नागपुरात पंखा फुल असताना जेवढं पाणी उडतं, तेवढं जुलैत मुंबईच्या दमट हवेत उडत नाही. रोज ठरावीक मिनिटं पंप चालवला तर कधी पाणी कमी पडेल, कधी जास्त होईल. पंपाला पातळी 'कळली' पाहिजे. त्यासाठी सेन्सर हवा.

काय काय लागेल?

- दोन फ्लोट स्विच. यात तरंगणाऱ्या भागात चुंबक असतं आणि दांड्यात रीड स्विच. पाण्याबरोबर चुंबक वर-खाली होतं आणि स्विच चालू-बंद होतो.
- १२ व्होल्ट डीसीचा छोटा पंप आणि त्याचा अॅडॉप्टर
- ईएसपी३२ बोर्ड आणि त्याला ५ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर
- पंप चालू-बंद करायला मॉसफेट मॉड्यूल. बोर्डाच्या ३.३ व्होल्टवर नीट चालू होणारं आहे ना, हे विचारून घ्या.
- सिलिकॉनची नळी आणि झाकणाचा कॅन

झाकण विसरू नका. उघड्या, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

आधी कॅनचं गणित

सगळ्यात भरवशाची सुरक्षा ना कोडमध्ये आहे, ना सेन्सरमध्ये. ती कॅनच्या मापात आहे. उदाहरण घेऊ:

- टँक ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद. म्हणजे १ सेंमी पातळी = १.८ लिटर पाणी.
- नेहमीची पातळी काठापासून ४ सेंमी खाली. म्हणजे टँकमध्ये जास्तीचं ७.२ लिटर पाणी मावेल.
- रोज साधारण १ लिटर पाणी उडतं. सहा दिवसांना ६ लिटर लागेल.

मग कॅनमध्ये ६ लिटरच पाणी ठेवा. सेन्सर अडकला, मॉसफेट जळून कायमचा चालू राहिला, काहीही झालं तरी सगळं पाणी टँकमध्येच मावेल. जमिनीवर थेंब नाही. २० लिटरचा जार लावायचा मोह होतो, पण तेव्हा ही खात्री संपते.

तुमच्याकडे रोज किती पाणी उडतं हे मोजायला काचेवर टेपची खूण करा, २४ तासांनी मोजपात्राने पाणी घालून खुणेपर्यंत आणा.

समुद्री टँक असेल तर आणखी एक हिशोब करा. १०० लिटरमध्ये एकदम १० लिटर गोडं पाणी पडलं तर ३५ चं प्रमाण ३२ च्या खाली येतं. तिथे कॅन आणखी लहान ठेवा.

नळी आणि स्विच कुठे लावायचे?

कॅन टँकपेक्षा खाली ठेवा आणि नळीचं टोक टँकमधल्या पाण्याच्या वर राहू द्या. कॅन वर ठेवला तर पंप बंद झाल्यावरही पाणी आपोआप वाहत राहील. टोक पाण्यात बुडालं तर उलटं होईल, टँकमधलं पाणी कॅनमध्ये उतरेल.

पहिला स्विच नेहमीच्या पातळीवर, दुसरा त्याच्या १ ते २ सेंमी वर. दोन्हीभोवती भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा. फ्लोटवर गोगलगाय चढून बसली तर पाणी भरूनही फ्लोट खालीच राहतो, ही एटीओ फसण्याची नेहमीची तऱ्हा आहे. टँकखाली संप असेल तर स्विच रिटर्न पंपाच्या कप्प्यात लावा, कारण पातळी तिथेच कमी होते. तेव्हा वरचं मोकळ्या जागेचं गणितही संपचं करा.

वायरिंग: वायर तुटली तर पंप बंदच राहिला पाहिजे

पहिला स्विच असा लावा की पाणी कमी झालं की तो जोडला जाईल. वायर तुटली तर बोर्डाला 'पाणी पुरेसं आहे' असंच वाटेल आणि पंप चालणार नाही. बहुतेक स्विचमध्ये फ्लोट काढून उलटा घातला की चालू-बंद उलटं होतं.

दुसरा स्विच बोर्डाच्या आउटपुट पिन आणि मॉसफेटच्या इनपुटच्या मधोमध सिरीजमध्ये जोडा. पाणी जास्त चढलं की तो तुटतो आणि पंप बंद, मग कोड हँग झाला असला तरी चालेल. मॉसफेटच्या इनपुटला ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे बोर्ड चालू होताना पंप झटका देणार नाही.

सेन्सरसाठी पिन ३४ ते ३९ घेणार असाल तर त्यांना आतला पुल-अप नसतो हे लक्षात ठेवा. सॉकेटकडे जाणारी प्रत्येक वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, थेंब तिथूनच खाली पडतील. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा.

कोडमधले पाच नियम

१. सेन्सरने सलग ३० सेकंद 'पाणी कमी' सांगितलं तरच पंप चालू करा. लाटांमुळे स्विच थरथरतो.

२. पंपाला वेळेची मर्यादा घाला. आधी त्याच नळीने एका मिनिटात किती पाणी येतं ते मोजा. १ लिटर येत असेल आणि एका वेळी अर्धा सेंमी, म्हणजे ०.९ लिटर भरायचं असेल, तर साधारण ५४ सेकंद लागतील. मर्यादा २ मिनिटं ठेवा.

३. मर्यादा ओलांडली तर सिस्टिम लॉक. परत आपोआप प्रयत्न नको. एकतर कॅन रिकामा आहे किंवा सेन्सर अडकलाय, दोन्हीकडे माणसाने बघायला हवं.

४. हे लॉक बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत सेव्ह करा. नाहीतर लाइट गेली-आली की बोर्ड सगळं विसरून पुन्हा पंप चालू करेल.

५. लाइट आल्यावर पहिली १० मिनिटं पंप बंद ठेवा. लोडशेडिंगमध्ये संपवाल्या टँकचं पाणी खाली उतरतं, मग रिटर्न पंप चालू झाला की संपची पातळी थोडा वेळ वर-खाली होते. एटीओ घाईत पाणी भरून बसेल.

फोनवर काय दाखवायचं?

टेलिग्राम बॉटवरून दोनच मेसेज पुरे: 'लॉक झालं' आणि रोज एकदा 'आज पंप इतके सेकंद चालला'. रोजचा मेसेज आलाच नाही तर तीही सूचनाच आहे. मात्र निर्णय बोर्डानेच घ्यायचा. वाय-फाय बंद पडलं म्हणून पाणी भरणं अडता कामा नये आणि थांबणंही.

कोणतं पाणी घालायचं?

आरओचं शुद्ध पाणी. आरओच्या वेस्ट पाइपमधलं पाणी चालणार नाही, त्यात क्षार उलट जास्त असतात. बोअरवेलचं पाणीही टाळा. आणि टॉप-ऑफ म्हणजे पाणी बदलणं नव्हे. नायट्रेट वाफेबरोबर उडत नाही, म्हणून पाणी बदलण्याचं वेळापत्रक आहे तसंच ठेवा.

गावी जाण्याआधीची टेस्ट

- पहिला फ्लोट हाताने खाली धरून ठेवा. साधारण अडीच मिनिटांत लॉक होऊन मेसेज आला पाहिजे.
- पंप चालू असताना दुसरा फ्लोट वर उचला. पंप लगेच थांबला पाहिजे.
- पंप चालू असताना मेन स्विच बंद करून परत चालू करा. १० मिनिटं शांतता हवी.
- रिकामा कॅन लावून बघा. लॉक झालं पाहिजे.
- शेवटी कॅनमधलं सगळं पाणी हाताने टँकमध्ये ओता. काठावरून सांडलं नाही तर गणित बरोबर आहे.

हे सगळं जमल्यावर सिस्टिम किमान दोन आठवडे तुम्ही घरी असतानाच चालू द्या. फ्लोट महिन्यातून एकदा काढून धुवा, शेवाळ आणि मिठाचा थर साचला की तो अडकतो.