जो, हू आणि तर्खड

वसईजवळच्या तर्खड गावावरून आडनाव घेतलेल्या घराण्यातल्या दादोबा पांडुरंगांनी 1836 साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापलं. पुढे तर्खडकरांच्याच भाषांतर पाठमालेतून मराठी पोरं इंग्रजी घोकत राहिली. ‘हू’, ‘विच’ की ‘दॅट’, इथे मात्र गाडी अजूनही अडते.

अडणारच. आपलं ‘जो’ माणूस आणि वस्तू असा भेद मानत नाही. जो पाहुणा, तसाच जो दगड. बघायचं ते लिंग-वचन. शिवाय ‘जो’ आला की मागून ‘तो’ हजर: जी गाडी विरारला जाते, तिच्यात बोरिवलीवाल्याने चढू नये. हाच साचा इंग्रजीत ओतला की ‘विच ट्रेन गोज टू विरार, दॅट ट्रेन…’ असं काहीतरी बाहेर पडतं. बोलताना तर आपण ‘जो’लाही फाटा देतो आणि ‘विरार गाडी’वर भागवतो.

कुळं पाहिली तर गंमत आहे. ‘जो’ हा संस्कृत ‘यः’चा वंशज, पिढीजात वाक्यं जोडणारा. इंग्रजीकडे त्या घरचा कोणी या कामाला नाही. तिथला ‘दॅट’ आपल्या ‘तो’च्या भाऊबंदांपैकी, तर ‘हू’ आणि ‘विच’ ‘कोण’च्या गोतातले, म्हणजे मुळात प्रश्न विचारणारे. जुन्या इंग्रजीत जोडकाम ‘दॅट’ आणि आता लुप्त झालेला ‘थे’ करत. प्रश्नवाले नंतर शिरले. कर्ता म्हणून ‘हू’ रुळला तो सोळाव्या शतकाच्या सुमारास. 1611 च्या बायबलात तर माणसांनाच काय, देवालाही ‘विच’ लागतो. तरीही 1711 मध्ये ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकात निबंधकार स्टीलने ‘हू’ आणि ‘विच’ यांच्या नावे अर्ज लिहिला: ‘दॅट’ने आमची जागा बळकावली! उपरे घरमालकावरच फिर्याद करत होते.

‘माणसाला हू, वस्तूला विच’ हे लिंडले मरेच्या 1795 च्या व्याकरणासारख्या शालेय पुस्तकांनी पक्कं केलं. ओळख पटवायला ‘दॅट’, जादा माहितीला ‘विच’ ही वाटणी इंग्रजीचे अभ्यासक फाउलर बंधूंनी 1906 मध्ये सुचवली. अमेरिकेतल्या संपादकांनी ती नियमासारखी पाळली, इंग्रजांनी फारशी मनावर घेतली नाही. मलाही ती सोय वाटते, कायदा नव्हे.

खरी मेख स्वल्पविरामात आहे. ‘माय ब्रदर, हू लिव्हज इन विरार’ लिहिलं तर भाऊ एकच. तो स्वल्पविराम काढला की नालासोपाऱ्यात आणखी एक निघतो.