फायरबर्ड, सात वाजंत्री आणि नारायणगावच्या राहुट्या

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. सुरुवात रशियन संगीतकारापासून असली तरी विषय आपल्या तमाशाचाच आहे.

इगोर स्त्राविन्स्की. वय २८. २५ जून १९१० ला पॅरिसमध्ये त्याचा ‘द फायरबर्ड’ हा बॅले झाला. बॅलेत संवाद नसतात, सगळी गोष्ट नाचातून आणि वाद्यांतून सांगायची. रशियन लोककथेतला आगीसारखा झळाळता पक्षी, राजपुत्र आणि दुष्ट जादूगार. एका प्रयोगात पोरगा गाजला.

पण बॅलेचा बारदाना मोठा. नर्तक, पडदे, पोशाख, वर तीन हार्पसकट अवाढव्य वाद्यवृंद. म्हणून १९११ मध्ये त्यानं त्यातले निवडक भाग नुसत्या वाद्यवृंदासाठी वेगळे काढले. अशा संचाला ‘सुईट’ म्हणतात. नाच नसला तरी संगीत चालतं.

मग १९१४ चं महायुद्ध आलं, १९१७ ची क्रांती आली. बायको आणि चार मुलं घेऊन हा स्वित्झर्लंडमध्ये अडकला. रशियातून येणारा पैसा बंद. तेव्हा त्यानं आणि रामूझ नावाच्या लेखकानं काय ठरवलं? छोटा फिरता फड काढायचा! सात वादक, मोजके नट, एक नर्तकी, आणि गावोगाव खेळ. नाव ‘सैनिकाची गोष्ट’. २८ सप्टेंबर १९१८ ला लोझान शहरात पहिला खेळ झाला आणि स्पॅनिश फ्लूची साथ आली. दौरा रद्द.

ओळखीचं वाटतंय ना? २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि लॉकडाऊन त्याच दिवसापासून. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. वर्षाची कमाई त्या दिवसांवर. तो हंगाम गेला, पुढच्या वर्षीचाही गेला.

स्त्राविन्स्कीनं १९१९ मध्ये फायरबर्डचा नवा सुईट केला. मूळ बॅले पाऊण तासाचा, हा वीसेक मिनिटांचा. हार्प तीनऐवजी एक, फुंकवाद्यं कमी. साधा वाद्यवृंदही वाजवू शकेल असा. आजही जगभर जास्त वाजतो तो हाच. ‘सैनिकाच्या गोष्टी’चाही त्यानं तीन वाद्यांचा संच केला. रंगमंच बंद पडला तरी काम चालू राहिलं, कारण संगीत कागदावर होतं.

तरी हक्काची लढाई राहिलीच. जुन्या फायरबर्डला अमेरिकेत कॉपीराइटचं संरक्षण नव्हतं. तिथं वाजायचा, पण त्याच्या मानधनाचा हक्क नाही. म्हणून ३५ वर्षांनी, १९४५ मध्ये, त्यानं पुन्हा तिसरा सुईट बांधला.

आता आपलं बघू. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, आज त्यांच्या नावानं राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देतं. पण २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले होते. कला मोठी, पण पैसा फक्त खेळाच्या रात्रीचा. खेळ थांबला की चूल थांबली.

आपले कितीतरी वग, गण-गवळणी, ढोलकीचे तोडे अजून माणसांच्या डोक्यातच आहेत. ती माणसं गेली की तेही गेलं. उलट जत्रेतला वग कुणीही मोबाईलवर शूट करतो, टाकतो, लाखो लोक बघतात, फडाला दमडी नाही.

कायदा मात्र आहे. १९९४ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क आला. आज त्याची मुदत ५० वर्षं आहे. तमाशा कलावंतही त्यात बसतो. त्याला न विचारता रेकॉर्डिंग करून पसरवणं चूकच.

मग जत्रा कमिट्यांनी एवढं तरी करावं. सुपारीच्या कागदावर शूटिंगला परवानगी आहे का आणि त्याचे पैसे किती, हे लिहावं. वग लिहिणाऱ्याचं नाव जाहीर करावं. आणि जुन्नर-आंबेगावातल्या शाळा-कॉलेजांनी म्हाताऱ्या कलावंतांकडून जुने वग उतरवून घ्यावेत, त्यांचं नाव आणि मानधन देऊन.

तुमच्या गावच्या जत्रेत गाजलेला वग कोणता, फड कुणाचा? आठवत असेल तर सालासकट खाली लिहा. सुरुवात तिथूनच करू.