गोळेश्वर, पेठ आणि करगणी : तीन गावं, तीन पदकं

आज आपण इतिहास बोलणार आहोत, पण राजेरजवाड्यांचा नाही. आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीतल्या तीन खेळाडूंचा. त्यातला एक कोण, हे तुम्ही सगळ्या सांगाल. दुसऱ्या दोघांचं काय?

पहिले खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्या जोडून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. सरकारनं मात्र फार उशीर केला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, २००० सालचा. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं.

आता दुसरे. मुरलीकांत पेटकर, इस्लामपूरजवळच्या पेठचे. गोळेश्वरहून महामार्गानं तासाभराच्या आतली वाट. सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचा भाग अधू झाला. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि तिथंच पुन्हा खेळाडू झाले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. सुवर्णपदक, आणि त्या वेळचा जागतिक विक्रमही.

हे वर्ष नीट लक्षात ठेवा. त्याच महिन्यात म्युनिकला धडधाकट खेळाडूंचं ऑलिंपिक सुरू झालं. तिथं भारताला मिळालं हॉकीचं एक कांस्य. ऑलिंपिकमध्ये एकट्यानं सुवर्ण मिळवणारा पहिला भारतीय अभिनव बिंद्रा. ते साल २००८. पेटकरांनी ३६ वर्षं आधी सुवर्ण आणलं होतं. पण पहिलं सुवर्ण म्हटलं की आपल्या तोंडी बिंद्राचंच नाव येतं. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ ला. ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा आला २०२४ ला, तेव्हा कुठं पुष्कळांना कळलं की असा माणूस आपल्या जिल्ह्यातला आहे.

असं एकदाच झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. १९८४ घ्या. लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. देश हळहळला, आजही हळहळतो. त्या ऑलिंपिकमध्ये भारताला एकही पदक नव्हतं. त्याच वर्षीच्या पॅरालिंपिकमध्ये जोगिंदरसिंग बेदी यांनी तीन आणि भीमराव केसरकर यांनी एक, अशी चार पदकं आली. हुकलेलं पदक आपल्याला पाठ आहे, मिळालेली चार ठाऊक नाहीत.

असं का व्हावं? आम्हाला वाटतं, मूळ एका समजात आहे. धडधाकट माणूस खेळतो ती स्पर्धा, आणि अपंग माणूस खेळतो तो मन रमवण्याचा उद्योग, असा तो समज. या खेळांची सुरुवातही दवाखान्यातच झाली होती. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथं डॉ. गुटमन यांनी युद्धात जखमी झालेल्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यात दोन बायका होत्या. दिवस कोणता? २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा. म्हणजे आपले खाशाबा लंडनला उतरले, त्याच वेळी थोड्या अंतरावर हा दुसरा खेळ जन्माला येत होता. दवाखान्यातून निघालेला हा खेळ पुढं केव्हाच मैदानावर पोचला. लोकांची नजर मात्र तिथंच राहिली.

तिसरे खेळाडू सचिन खिलारी, आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे, शेतकऱ्याच्या घरचे. शाळकरी वयात अपघात होऊन एक हात कायमचा अधू झाला. ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिसला त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकला आणि रौप्य मिळवलं. सुवर्ण गेलं फक्त सहा सेंटिमीटरनं. त्यांच्या गटाचं नाव एफ ४६. हाताचं अपंगत्व असलेले खेळाडू त्यात एकमेकांशी लढतात. आपल्याकडं कुस्तीला वजनाचे गट असतात ना, तसंच हे. खाशाबाही वजनाच्या गटातच जिंकले होते. म्हणून त्यांचं पदक कुणी हलकं म्हणत नाही. मग हे का म्हणावं?

बदल होतो आहे, हेही खरं. पॅरिसला ऑलिंपिकमध्ये भारताची सहा पदकं, पॅरालिंपिकमध्ये २९. उद्घाटनाला झेंडा धरणाऱ्या दोघांत नांदेड जिल्ह्यातली भाग्यश्री जाधव होती. आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात अर्जुन पुरस्कार दिले, तेव्हा खिलारी आणि ऐंशी वर्षांचे पेटकर हे दोघंही एकाच सोहळ्याचे मानकरी होते. सांगलीचेच दोघं, मध्ये ५२ वर्षांचं अंतर.

पण मैत्रिणींनो, आपल्या गावात काय? शाळेच्या मैदानावर पोरं खेळायला गेली की पाय अधू असलेल्या पोरीला बाकीच्यांच्या चपला सांभाळायला बसवतात. मुलगा असेल तर कुणी तरी कधी गोळा हातात देतं. मुलगी असेल तर घरचेच म्हणतात, आधीच नशिबानं असं, आणखी पडली-झडली तर लग्न कोण करील? यात माया असते, पण त्या मायेनंच ती कोपऱ्यात राहते. भारतीय बाईला पहिलं पॅरालिंपिक पदक दीपा मलिक यांनी मिळवून दिलं, २०१६ साली, बसून गोळा फेकून. तेव्हा त्या दोन मुलींच्या आई होत्या.

दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात खेळाचा हक्क लिहिलेला आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. तो कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारता येतं. पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एवढंच करू या : आपल्या गावात अशी किती मुलं-मुली आहेत त्यांची नावं लिहू, आणि शाळेच्या पुढच्या क्रीडास्पर्धेत त्यांच्यासाठी कोणता खेळ ठेवणार, हे गुरुजींना विचारू. आणि त्या दिवशी टाळ्या वाजवायला आपण जाऊ. कीव म्हणून नको. फेक किती मीटर गेली, ते बघून वाजवू.