उतारवयातील मळा : कर्जत-खालापूरच्या मातीचा पूर्वेतिहास

सम्राट डायोक्लेशन हे नाव ख्रिस्ती इतिहासात छळाशी कायमचे जोडले गेले आहे. इ. स. ३०३ मध्ये त्याने काढलेल्या फर्मानामुळे अनेक प्रार्थनास्थळे जमीनदोस्त झाली आणि कित्येकांना हौतात्म्य पत्करावे लागले. याच सम्राटाने ३०५ साली स्वेच्छेने सिंहासन सोडले आणि आजच्या क्रोएशियातील स्प्लिट येथे बांधलेल्या आपल्या वाड्यात तो राहावयास गेला. पुन्हा राज्यपद स्वीकारावे म्हणून त्याला गळ घालण्यात आली, तेव्हा आपण स्वहस्ते लावलेला कोबी पाहाल तर असा आग्रह धरणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे प्राचीन इतिहासकार नमूद करतात. निवृत्तीनंतर मळा करू इच्छिणाऱ्यांना हा दाखला फार आवडतो. परंतु त्या वाड्यापर्यंत जाद्रो नदीचे पाणी आणणारा लांबलचक जलसेतू कोणी उभारला आणि त्या जमिनीची खोड सम्राटाला कोणी समजावून दिली, हे विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्या मते उतारवयातील शेतीचा खरा इतिहास त्याच प्रश्नात दडलेला आहे.

मुंबईतील नोकरी संपवून कर्जत वा खालापूर तालुक्यात दहा-वीस गुंठ्यांचा मळा करावा, त्यात एखादे हरितगृह उभारावे, ही ओढ गेल्या काही दशकांत वाढलेली दिसते. आमच्या वाचकांपैकीही काहींनी ते धाडस केले असेल, काही त्या विचारात असतील. त्यांना कोणी नाउमेद करावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. मात्र ज्या भूमीत आपण पाऊल ठेवणार, तिच्या पोटात काय आहे हे आधी जाणून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम पाण्याचा विचार करू. हा प्रदेश सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्यात येथे पाणी मावत नाही आणि फाल्गुन उजाडला की विहिरी तळ गाठू लागतात. अशा मुलखात उन्हाळी भाजी पिकते कशी? या प्रश्नाचे एक उत्तर घाटमाथ्यावर सापडते. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजगृह सुरू झाले. पुढे १९२२ साली आंध्रा नदी अडवून भिवपुरीचे वीजगृह उभे राहिले. वास्तविक हे पाणी इंद्रायणी-भीमेच्या वाटेने पूर्वेकडे जावयाचे. ते पश्चिमेकडे वळले. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळाले आणि भिवपुरीचे पाणी राजनाल्याच्या कालव्यांतून कर्जतच्या शेतांत खेळू लागले. त्यामुळे अनेक गावांत उन्हाळी भात आणि भाजीपाला शक्य झाला. पण त्याच पाण्याखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हेही विसरता येत नाही. कर्जतच्या कालव्याकाठची भेंडी खाताना वर कोणाचे तरी शेत बुडालेले आहे, ही जाणीव असलेली बरी.

दुसरा विचार ज्ञानाचा. रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली बोरघाट चढून गेली. मुंबईच्या बाजाराला हा मुलूख जोडला गेला तो तेव्हापासून. परंतु येथील भाजीची परंपरा रेल्वेहून पुष्कळ जुनी आहे. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरी घेणारा ठाकूर समाज पावसाळ्यात मांडवावर काकडी, शिराळी, पडवळ, कारली चढवीत आला आहे. शेवळी, कंटोळी, टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या ठाकूर व कातकरी स्त्रिया टोपलीत घालून बाजारात आणतात. कोणती भाजी चिंचेवाचून घशाला खाजते आणि कोणता पाला पहिल्या पावसानंतर किती दिवस कोवळा राहतो, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. भातकापणी झाली की जमिनीच्या उरल्या ओलाव्यावर वाल पेरावयाचा आणि थंडीत त्याच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भाजून पोपटी करावयाची, ही रायगडची रीत म्हणजे कमी पाण्याच्या शेतीचा एक धडाच आहे.

या लोकविद्येला शास्त्राची जोडही येथेच मिळाली. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ सालचे आहे. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठाने कोकणच्या हवामानासाठी कारल्याची ‘कोकण तारा’, पडवळाची ‘कोकण श्वेता’, शिराळ्याची ‘कोकण हरिता’ अशी वाणे दिली. नवागताने परदेशी बियाण्यांच्या रंगीत पाकिटांकडे वळण्यापूर्वी या नावांची ओळख करून घ्यावी.

आता हरितगृहाविषयी. रोमचा सम्राट तिबेरियस याला रोज काकडी लागे. म्हणून त्याचे माळी चाकांच्या वाफ्यांत वेल लावीत आणि थंडीत त्यांवर पारदर्शक तावदाने झाकीत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. पुढे युरोपात काचघरे आली. १९४८ साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट यांनी काचेऐवजी प्लॅस्टिकचा कागद वापरला आणि श्रीमंतांची ही चैन सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात येऊ लागली. भारत सरकारने शेतीतील प्लॅस्टिकच्या वापरासाठी राष्ट्रीय समिती नेमली ती १९८१ साली.

परंतु युरोपातील हरितगृह थंडी अडवण्यासाठी जन्मले, तर कर्जतला ते पाऊस अडवण्यासाठी उभारावे लागते. ऊब साठवणे येथे अपाय ठरते. म्हणून बाजू उघड्या, पडदे गुंडाळता येतील असे आणि माथ्याला हवा जाण्यास वाट, अशीच रचना हवी. आत दमटपणा कोंडला की भुरी आणि केवडा आलाच. कोकणच्या आम्लधर्मी जमिनीत टोमॅटो-वांग्याला मर रोग लागतो, तो छपराने टळत नाही. त्यासाठी रोगाला दाद न देणारे वाण आणि पिकांची फेरपालट हवी. शिवाय कीटक रोखणारी जाळी मधमाशीलाही रोखते. त्यामुळे परागीकरणाविना फळ धरणारी काकडीची वाणे घ्यावी लागतात आणि कारले-दुधी लावल्यास परागीकरण हाताने करावे लागते. वयस्कर माणसाने आणखी एक ध्यानात ठेवावे. वैशाखातील दुपारी प्लॅस्टिकखाली काम करणे प्रकृतीला धोक्याचे आहे. तेथील कामे सकाळच्या प्रहरीच उरकावीत.

उशिरा केलेला आरंभ वाया जातोच असे नाही. इस्रायलमधील जलअभियंता सिम्खा ब्लास यांचा जन्म १८९७ सालचा. सरकारी नोकरी सोडल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी थेंबाथेंबाने पाणी देण्याची जुनी कल्पना पुन्हा हाती घेतली. १९६५ साली हात्झेरिम या वसाहतीशी करार होऊन तिचा प्रसार सुरू झाला. आज जळगावच्या केळीपासून कर्जतच्या हरितगृहापर्यंत पोहोचलेले ठिबक सिंचन ही एका निवृत्ताची देणगी आहे.

कर्जत तालुक्यातच नेरळजवळ याहून जवळचे उदाहरण आहे. अमेरिकेत शिक्षण घेऊन परतलेले श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८५ च्या सुमारास ‘सगुणाबाग’ पर्यटकांना खुली केली. त्यानंतर पाव शतक उलटल्यावर त्यांनी स्वतःची रुळलेली पद्धत बाजूला ठेवली. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. एकदा गादीवाफे करावयाचे, त्यांवर भात टोकायचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवून त्याच वाफ्यांवर वाल किंवा भाजी घ्यावयाची, असे हे ‘सगुणा भात तंत्र’. मुरलेल्या शेतकऱ्याने उत्तरायुष्यात पुन्हा विद्यार्थी व्हावे, यातून आपण नवशिक्यांनी काय घ्यावयाचे ते उघड आहे.

शेवटी जमिनीचा प्रश्न, आणि तोच आमच्या मते सर्वांत गंभीर. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालकीचा हक्क दिला. त्याच कायद्यानुसार जो शेतकरी नाही त्याला परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. आदिवासींच्या जमिनी इतरांकडे जाऊ नयेत म्हणून १९७० च्या दशकात आणखी कडक तरतुदी झाल्या. हे निर्बंध म्हणजे निव्वळ कागदी अडथळे, असे समजून पळवाटा सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. पळवाटेने घेतलेल्या जमिनीचा जुना धनी पुष्कळदा त्याच जमिनीवर राखणदार म्हणून उभा राहतो, आणि त्याच्या मुलांना मळ्याची विद्या शिकण्याचे कारणच उरत नाही.

वसईकरांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, बावखले यांच्या जागी इमारती कशा येतात हे आपण पाहिले आहे. त्याविरुद्ध १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचा लढाही आपण दिला. जे आपल्या गावी झाले म्हणून आपण दुःख केले, ते दुसऱ्याच्या गावी आपल्या हातून होऊ नये. कर्जत-खालापुरात ज्यांना मळा करावयाचा आहे त्यांनी तो अवश्य करावा. परंतु वडिलोपार्जित जमिनीवर किंवा कायद्याने खुल्या असलेल्या मार्गाने करावा. शेजारच्या ठाकूरवाडीतील जाणत्याला राखणीला ठेवण्याऐवजी त्याला भागीदार करावे, बियाण्याविषयी त्याचा सल्ला आधी घ्यावा आणि कालव्याच्या पाण्याची पाळी त्याच्याइतकीच पाळावी. साठीनंतर अंगात बळ कमी असते, पण ऐकून घेण्याची सवड असते. या भूमीला नव्या माणसाकडून तीच अधिक हवी आहे.