अदृश्य तारेवरील विश्वास : ब्लूटूथ सीरियल जोडणीच्या इतिहासातील एक प्रश्न

उदगीर येथे ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने निजामाचा पराभव केला. त्या काळची मराठी कागदपत्रे हाताळणाऱ्या अभ्यासकास एक गोष्ट परिचित असते. अधिकृत पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. बोलणारा कोण हे शिक्क्यावरून कळे. मजकूर कोठे संपला हे मोर्तबाने ठरे, आणि मागाहून ओळी घुसडण्यास आळा बसे. पत्र परक्या मुलुखातून व परक्या हातांनी जावयाचे, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभी राहिली होती. संदेशाचा मार्ग बदलला म्हणजे विश्वासाची तरतूदही बदलावी लागते. हे तत्त्व आधुनिक संगणकविद्येत किती उशिरा ध्यानी आले, हे ब्लूटूथ सीरियल जोडणीच्या उदाहरणाने दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

सीरियल जोडणीचे ‘आरएस-२३२’ हे प्रमाण अमेरिकेत १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवावयाचे आणि सोबतच्या तारांवरून ‘मी सिद्ध आहे’, ‘आता पाठवा’ अशा खुणा करावयाच्या, एवढाच त्याचा व्यवहार. त्यात ओळख पटविण्याची काहीही सोय नव्हती. आणि तिची वाण फारशी भासलीही नाही. तारेचे दुसरे टोक डोळ्यांना दिसत असे. खोलीचे कुलूप हाच तिचा शिक्का होता.

ही तार काढून टाकण्याचा उद्योग स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झाला. (उदगीर ज्याच्या कक्षेत येते ते नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्याच वर्षी स्थापन झाले, कालगणनेच्या सोयीसाठी ही खूण उपयोगी आहे, इतकेच.) याप हार्टसेन आणि स्वेन मॅटिसन यांची नावे ह्या कार्याशी निगडित आहेत. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, आयबीएम, नोकिया व तोशिबा ह्या पाच कंपन्यांनी संयुक्त मंडळ स्थापिले आणि १९९९ मध्ये पहिले विनिर्देश प्रसिद्ध केले. त्यांतील ‘आरएफकॉम’ नामक भाग आपल्या विषयाचा गाभा होय. युरोपातील मोबाइल दूरध्वनीसाठी रचलेल्या एका प्रमाणावर तो आधारलेला असून, आरएस-२३२ च्या नऊ तारांची तो हुबेहूब नक्कल करतो. एकाच रेडिओ-दुव्यावर अशा अनेक काल्पनिक तारा त्यास वाहून नेता येतात.

लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्यात ब्लूटूथचा प्रवेश २००१ मध्ये ‘ब्लूझी’ ह्या प्रकल्पामुळे झाला. मॅक्सिम क्रास्न्यान्स्की यांनी क्वालकॉम कंपनीत तो आरंभिला होता. त्यांनी व मार्सेल होल्टमन यांनी २००२ मध्ये आरएफकॉमचा भाग लिहिला. त्यामुळे दूरचे यंत्र संगणकाला नेहमीच्या सीरियल पोर्टसारखे दिसू लागले आणि तारेसाठी लिहिलेले जुने प्रोग्राम काहीही न बदलता हवेतून चालू लागले. नक्कल यशस्वी झाली. परंतु तार निघून गेली आहे, हे त्या प्रोग्रामांना कळण्याचा मार्गच उरला नाही.

विनिर्देशांत संरक्षणाची तरतूद नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. दोन्ही यंत्रांवर एकच गुप्तांक देऊन जोडी जमवावी, त्यातून सामाईक किल्ली सिद्ध व्हावी आणि तिच्या आधारे ओळख व कूटबद्धीकरण चालावे, अशी योजना होती. पण प्रत्येक सेवेसाठी ती मागावी की नाही, हे बहुधा सॉफ्टवेअर लिहिणाराच्या इच्छेवर सोडलेले होते. लिनक्समध्येही ओळख व कूटबद्धीकरण हवे असल्यास प्रोग्रामने तसे स्पष्ट सांगावे लागे.

ह्या मुभेचा परिणाम लवकरच दिसला. २००३ च्या अखेरीस होल्टमन आणि ॲडम लॉरी यांना स्वतंत्रपणे असे आढळले की, काही मोबाइल संचांतील माहिती जोडी न जमविताच काढून घेता येते. २००४ मध्ये मार्टिन हेरफुर्ट यांनी दाखविले की, काही संचांत सेवासूचीत न नोंदविलेली एक आरएफकॉम वाहिनी उघडीच असते आणि तीवर मोडेमच्या जुन्या ‘एटी’ आज्ञा दिल्या असता संच त्या निमूटपणे पाळतो. तारेच्या पलीकडे आपलाच धनी आहे, हा जुना समज येथे जसाच्या तसा राहिला होता. २००५ मध्ये यानिव शाकेद व अविशाय वूल यांनी गुप्तांकाचीही परीक्षा घेतली. जोडी जमताना झालेले संभाषण टिपले असल्यास, चार अंकी गुप्तांक साध्या संगणकावर एका सेकंदाच्या आत निघतो, असे त्यांनी सिद्ध केले. चार अंकांच्या शक्यता अवघ्या १०,००० असल्यामुळे ह्यात नवल नाही.

२००७ च्या २.१ ह्या आवृत्तीने जोडी जमविण्याची नवी रीत आणली. लंबवर्तुळी वक्रांच्या गणितावर ती आधारलेली असल्यामुळे केवळ चोरून ऐकणाऱ्यास किल्ली मिळेनाशी झाली. तथापि २०१७ मध्ये ‘ब्लूबॉर्न’ नावाने प्रसिद्ध झालेल्या दोषांत लिनक्सचाही समावेश होता. आरएफकॉमच्या खालच्या थरात स्मृतीची मर्यादा न तपासल्यामुळे, जोडी न जमविताही हल्ला शक्य होता. २०१९ मध्ये अँटोनिओली, टिपेनहाउअर व रासमुसेन यांनी त्याहून मूलगामी उणीव दाखविली. किल्लीची लांबी १ ते १६ बाइट यांपैकी कितीही ठरविण्याची मुभा विनिर्देशांतच होती. मध्यस्थाने ती १ बाइटवर आणली, तर शक्यता केवळ २५६ उरत. निरनिराळ्या देशांचे कूटविद्येवरील निर्बंध सांभाळण्यासाठी ही मुभा ठेवलेली होती. म्हणजे १९९० च्या दशकातील राजकीय तडजोडीचे फळ वीस वर्षांनी हाती आले. त्यानंतर किमान ७ बाइटांची मर्यादा सुचविली गेली व लिनक्सने ती अंगीकारली.

हे सर्व दोष व्यक्तिगत निष्काळजीपणाचे होत, असा आक्षेप संभवतो. ब्लूबॉर्नपुरता तो मान्य करावा लागेल. परंतु उघडी वाहिनी, आखूड गुप्तांक व आखूड किल्ली ह्या तिन्हींमागे एकच प्रवृत्ती दिसते : सोय आधी, आणि ओळख मागणे ऐच्छिक. तारेची रचना उचलताना तिच्याभोवतीची भिंत उचलता येत नाही, ह्याचा तेथे विसर पडला होता.

हा विषय दूरदेशीचा समजण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत सर्रास वापरला जाणारा ‘एचसी-०५’ हा स्वस्त घटक ह्याच सीरियल पद्धतीवर चालतो आणि त्याचा गुप्तांक बहुधा कारखान्यातून येतानाच १२३४ असतो. उदगीर वा नांदेड येथील प्रयोगशाळेत तो जोडणाऱ्याने प्रथम हा अंक बदलावा. आपल्या प्रोग्रामात ओळख व कूटबद्धीकरण स्पष्टपणे मागावे. काम संपताच वाहिनी बंद करावी. आणि जोडी जमलेल्या यंत्राकडून आलेला मजकूरही लांबी व स्वरूप तपासल्यावाचून स्वीकारू नये. कागद हाती येताच इतिहासाचा विद्यार्थी प्रथम शिक्का व मोर्तब पाहतो. संगणकाच्या विद्यार्थ्यासही ह्याहून निराळी शिस्त नाही.