कोरफड
(सं. कुमारी, घृतकुमारी, हिं. घीकुवार, शास्त्रीय नाव : ॲलो व्हेरा, कुल : ॲस्फोडेलेसी). मांसल पानांची बहुवर्षायू वनस्पती. मूलस्थान अरबी द्वीपकल्प. खोड अत्यंत आखूड असल्याने काटेरी कडांची, ३०–५० सेंमी. लांब पाने जमिनीलगत चक्राकार गुच्छात येतात, फुले पिवळी. पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडत असल्याने बाष्पोत्सर्जन कमी होते. त्यामुळे अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग वगळता बहुतांशी पर्जन्यछायेत असलेल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात ती अंगणात व कुंडीत सहज जगते.

लागवड व निगा : अभिवृद्धी बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांपासून करतात. पिलू काढल्यावर जखम सुकेपर्यंत दोन-तीन दिवस सावलीत ठेवतात. जिल्ह्यातील काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीत निम्मी जाड वाळू मिसळतात. कुंडीला तळाशी भोक आवश्यक. माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी देतात. पावसाळ्यात कुंडी वळचणीखालून हलवून कोरड्या जागी ठेवतात, अन्यथा मुळे कुजतात. कडक उन्हात पाने तांबूस होतात. दुपारची सावली पुरेशी. पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसतात.

उपयोग : गर त्वचेस लावतात. सालीलगतचा पिवळा, कडू चीक तीव्र रेचक असतो. तो आटवून काळा बोळ करतात.